वाचकांचे प्रश्न : शर्यतीच्या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक मोकळे कसे ठेवावेत?

प्रश्न : माझ्याकडे ८५ अश्वशक्तीचे १.३ लिटर इंजिन असलेली मारुती एस्टीम आहे आणि तिने मी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर शर्यतीत उतरतो. इंजिन नुकतेच बांधून घेतले असून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे आहे, तरीही सरळ पट्ट्यावर बरोबरीच्या गाड्या पुढे निघून जातात. गाडी जॅकवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवले, तर ते एक फेरासुद्धा पूर्ण करत नाही. मिस्त्रींनी ड्रम उघडून सेल्फ अ‍ॅडजस्टरचे, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे शू झिजतील तसे आपोआप पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेचे, दातेरी रॅचेट दोन दाते मागे घेतले, तेव्हा चाक छान फिरू लागले. पण पुढच्या सराव सत्रानंतर पाहिले, तर पुन्हा पहिल्यासारखेच घासत होते. अ‍ॅडजस्टर काढूनच टाकावा, असे एक मित्र सुचवतात. तसे केले तर ब्रेकचे पेडल खोल जाईल, अशी मला भीती वाटते. शू नेमके किती सैल ठेवावेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य ‘पुढच्या सराव सत्रानंतर पुन्हा घासत होते’ हे आहे, आणि त्याचा उलगडा मी पुढे करतो. मात्र आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शू सैल करणे हे या कामातले शेवटचे पाऊल आहे. ब्रेक सोडल्यावर शू आपल्या जागी पूर्णपणे परत येत नसतील, तर अ‍ॅडजस्टर कितीही मागे घेतला तरी ओढ राहतेच, आणि वर पेडलही लांब होते, म्हणजे दोन्हीकडून तोटा होतो. म्हणून शू परत का येत नाहीत हे प्रथम शोधावे आणि फट किती ठेवायची याचा विचार त्यानंतर करावा.

चाक हाताने गरकन फिरवून ते किती फेरे घेते हे पाहणे सोपे असले, तरी त्यावर फार विसंबू नये. कारण फिरवणाऱ्याच्या हाताचा जोर दर वेळी वेगळा असतो. त्यापेक्षा पिशवी मोजण्याचा साधा स्प्रिंगकाटा घ्यावा. गाडीचा मागचा भाग भक्कम स्टँडवर टेकवून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावून, टायरच्या बाहेरच्या घेराला दोरीचा वेढा द्यावा आणि काट्याने दोरी सावकाश, एकाच गतीने ओढावी. चाक हलू लागतानाचा आकडा सोडून द्यावा आणि चाक फिरत असताना काटा किती दाखवतो तेवढेच टिपावे. हेच मोजमाप नंतर शू काढून ठेवून, नुसता ड्रम आणि चाक बसवून पुन्हा करावे. हा दुसरा आकडा बेअरिंग आणि ऑइल सील यांचा असतो. तो पहिल्यातून वजा केला की ब्रेकची खरी ओढ कळते. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे मागच्या चाकांना गिअरबॉक्सचे ओझे नसते, आणि त्यामुळे ही मापणी बरीच विश्वासार्ह ठरते.

हा आकडा लहान दिसला तरी त्याला हलके समजू नये. समजा प्रत्येक मागच्या चाकावर ब्रेकची ओढ दोन किलो निघाली, तर दोन्ही मिळून ती साधारण ४० न्यूटन होते. ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर वेगाने जाताना एवढ्या ओढीवर मात करण्यासाठी १.३ किलोवॉट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन अश्वशक्ती खर्ची पडते. इंजिन बांधताना व्हॉल्व्ह बसवण्यापासून एक्झॉस्टपर्यंत इतके कष्ट आणि पैसे ओतून मिळालेली ताकद अशी ड्रमच्या आत उष्णता होऊन वाया जावी, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता कारणाचा शोध. ब्रेक जोरात दाबून सोडावा आणि सोडल्याबरोबर चाकाची ओढ मोजावी. ती आधीपेक्षा जास्त आली, तर त्या चाकाचे ब्लीड निपल (ब्रेकच्या तेलातील हवा काढण्याचा छोटा स्क्रू) क्षणभर उघडून बंद करावे. निपल उघडताच चाक मोकळे झाले, तर दोष तेलाच्या बाजूचा आहे, म्हणजे नळीत दाब अडकून राहतो आहे. मास्टर सिलिंडरमधले (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणाऱ्या सिलिंडरमधले) बारीक परतीचे छिद्र कचऱ्याने किंवा पेडलला मोकळा खेळ न ठेवल्यामुळे बंद राहिले असेल, किंवा रबराचा होज आतून सुजून तेलाला पुढे जाऊ देत असेल आणि मागे येऊ देत नसेल. निपल उघडूनही चाक जड राहिले, तर दोष यांत्रिक आहे. ही चाचणी एका मिनिटाची आहे, तरी ती न करता थेट ड्रम उघडणारे मिस्त्री मी अनेक पाहिले आहेत.

यांत्रिक दोषांत माझा पहिला संशय नेहमी हँडब्रेकच्या केबलवर असतो. हँडब्रेकचा दांडा फार वर येतो अशी तक्रार झाली, की कोणीतरी केबलचा नट आवळून देतो आणि तक्रार मिटते. पण तेव्हापासून शूवरचा हँडब्रेकचा लिव्हर आपल्या टेकणीवरून किंचित उचललेलाच राहतो. असे झाले, की शूची विश्रांतीची जागाच बाहेर सरकते आणि अ‍ॅडजस्टरचे गणितही बिघडते. म्हणून ड्रममधील कोणतेही काम करण्यापूर्वी केबल पूर्ण सैल करावी, ड्रम उघडल्यावर दोन्ही बाजूंचे लिव्हर शूच्या पात्याला खरोखर टेकले आहेत याची बोटाने खात्री करावी, आणि शूची फट लावून झाल्यानंतरच केबल घ्यावी. केबलच्या आवरणात गंज किंवा माती बसली असेल, तर ती ताणल्यावर जाते पण सोडल्यावर परत येत नाही. अशी केबल तेल सोडून वाचवण्यापेक्षा बदललेली बरी.

त्यानंतर बॅक प्लेटकडे, म्हणजे शू ज्यावर बसवलेले असतात त्या ड्रममागच्या स्थिर तबकडीकडे, पाहावे. शूच्या कडा बॅक प्लेटवरच्या ज्या उंचवट्यांवर सरकतात, त्या उंचवट्यांत वर्षानुवर्षे घासून खाचा पडतात. नखाला लागेल एवढी खाच असली, तरी शू बाहेर जाताना जोराने जातो आणि परत येताना त्या खाचेत अडतो, कारण बाहेर ढकलायला पाय असतो आणि आत ओढायला फक्त स्प्रिंग. खाच वेल्डिंगने भरून कानशीने सपाट करून घ्यावी आणि त्यावर उच्च तापमानाला टिकणाऱ्या ग्रीसचा नुसता हात फिरवावा. जास्त लावलेले ग्रीस गरम होऊन शेवटी लायनरवरच, म्हणजे शूवरच्या घर्षणाच्या अस्तरावरच, जाते. परतीच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये सुट्या अवस्थेतही फट दिसत असेल किंवा त्यांवर निळसर झाक आली असेल, तर उष्णतेने त्यांचा ताण गेला आहे असे समजावे. दोन्ही चाकांच्या सर्व स्प्रिंग एकाच वेळी, जोडीने बदलाव्यात. व्हील सिलिंडरचे, म्हणजे तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचे, पिस्टन अंगठ्याने दाबल्यावर सहज आत गेले पाहिजेत. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीला बारीक गंजाचे ठिपके येतात. अशा सिलिंडरला नुसते नवे रबर किट घातले, तर तो फार दिवस सुखाने राहत नाही. ड्रममधील काळी भुकटी मात्र हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून काढावी.

ड्रम गोल आहे का, हा पुढचा प्रश्न. चाक फिरवताना घासल्याचा आवाज एकसारखा न येता प्रत्येक फेऱ्यात एकदा किंवा दोनदा येत असेल, तर शू सैल करून उपयोग नाही. ड्रम लंबगोल झाला आहे, किंवा बेअरिंगमध्ये खेळ असल्याने तो तिरका फिरतो आहे. डायल गेज लावून हे तपासावे, आणि तपासताना चाकाचे नट नेहमीच्याच ताकदीने, समोरासमोरच्या क्रमाने आवळलेले असावेत, कारण वाकडेतिकडे आवळलेले नटसुद्धा पातळ ड्रमला आकार बदलायला लावतात. आपण कोल्हापूरचे आहात, म्हणजे या बाबतीत आपल्यासारखा भाग्यवान कोणी नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या परिसरात ओतकामाची आणि लेथची जाण असलेली माणसे हाकेच्या अंतरावर आहेत. चांगल्या टर्नरकडून ड्रम जेवढ्यास तेवढा कातून घ्यावा, मात्र ड्रमवर कोरलेला कमाल व्यास ओलांडू देऊ नये. ड्रम कातल्यानंतर शूचा गोलावा त्याच्याशी जुळतो का, हेही पाहावे. ड्रमच्या आत खडू फासून, शू हलके लावून चाक फिरवले, की लायनरवर खडू कुठे लागला ते दिसते. तो मध्यभागी लागला तर चिंता नाही, लायनर चालता चालता बसेल. तो फक्त दोन्ही टोकांना लागला, तर मात्र शू ड्रमला चावतो, धरून राहतो आणि ओढही वाढवतो. अशा लायनरची टोके कानशीने उतरती करावीत.

हे सगळे ठीक असेल, तर आपल्या मूळ कोड्याकडे येऊ. दोन दाते मागे घेतलेला अ‍ॅडजस्टर एका सराव सत्रात पुन्हा पुढे का गेला? ओतीव लोखंड तापले की प्रसरण पावते. १८० मिलिमीटर व्यासाचा ड्रम आधीपेक्षा १५० अंश सेल्सिअसने तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटरने वाढतो. रॅचेटच्या अ‍ॅडजस्टरला हे कळण्याचा काही मार्ग नाही. त्याला एवढेच जाणवते, की शूला ड्रमपर्यंत पोहोचायला ठरावीकपेक्षा जास्त अंतर जावे लागते आहे. लायनर झिजला असे समजून तो एक दाता पुढे घेतो. रस्त्यावरच्या गाडीत ड्रम क्वचितच इतके तापतात. शर्यतीत मात्र प्रत्येक फेरीत, सरळ पट्ट्याच्या शेवटी, पूर्ण ताकदीने ब्रेक लागतो. मग गाडी पिटमध्ये येते, ड्रम थंड होऊन आकसतो, आणि तापलेल्या ड्रमच्या मापाने पुढे गेलेले शू आता थंड ड्रमला टेकतात. रॅचेटला मागे फिरता येत नाही. पुढच्या सत्राची सुरुवात घासण्याने होते, घासण्याने ड्रम आणखी लवकर तापतो आणि चक्र पुढे चालू राहते. आपल्या मिस्त्रींचे काम चुकले नव्हते. त्यांनी लावलेली फट पहिल्याच तापलेल्या ब्रेकने खाऊन टाकली, एवढेच.

फट लावताना अंदाजाने दाते मोजण्याऐवजी माप घ्यावे. ड्रमचा आतला व्यास आणि जागेवर बसवलेल्या शूंचा लायनरवरून घेतलेला बाहेरचा व्यास, दोन्ही व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजावेत आणि त्यांतील फरक पाहावा. थंड स्थितीत हा फरक ०.६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक शूला सुमारे ०.३ मिलिमीटर, असा ठेवून सुरुवात करावी. मग पेडल तीन-चार वेळा दाबून शू मध्यभागी बसू द्यावेत आणि पुन्हा काट्याने ओढ मोजावी. शूशिवाय मिळालेल्या आकड्याच्या ती अगदी जवळ आली पाहिजे. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा असणे हे तो लहान असण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पेडल लांब जाण्याच्या भीतीचे थोडे गणित करू. व्हील सिलिंडरचा व्यास १७.५ मिलिमीटर, मास्टर सिलिंडरचा २०.६ मिलिमीटर आणि पेडलची तरफ चारपट धरू. आपल्या गाडीची मापे वेगळी असतील तर ती घालून पाहावीत. शू खालच्या टोकाशी टेकलेला असल्यामुळे लायनरच्या मध्यावर ०.२ मिलिमीटर जादा फट दिली, की सिलिंडरच्या टोकाशी साधारण ०.४ मिलिमीटर जादा अंतर जावे लागते. चारही शूंचा हिशेब केला, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला १.१५ मिलिमीटर आणि आपल्या पायाला साडेचार ते पाच मिलिमीटर जादा प्रवास करावा लागतो. हे पायाला जाणवते, पण धोक्याचे नाही. पेडल याहून कितीतरी जास्त खोल जात असेल, तर कारण फटीत नसून तेलातील हवेत, ड्रमच्या लंबगोलपणात किंवा पुढच्या डिस्कच्या डगमगण्यात शोधावे.

अ‍ॅडजस्टर काढून टाकण्याबद्दल दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये. दोन शूंमधली आडवी पट्टी, म्हणजे स्ट्रट, कोणत्याही परिस्थितीत काढू नये. हँडब्रेकचा जोर तिच्यातूनच दुसऱ्या शूपर्यंत जातो आणि सोडलेल्या शूने कुठे थांबायचे तेही तीच ठरवते; ती नसेल तर शू स्प्रिंगने पार आत ओढले जातील आणि पुढच्या वळणावर पेडल फरशीला टेकेल. प्रश्न फक्त तिच्यावरचे रॅचेट आपोआप पुढे जाऊ द्यावे की नाही, हा आहे. आपल्या वर्गाच्या नियमपुस्तिकेत परवानगी असेल आणि तांत्रिक तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी विचारले असेल, तर काही फेऱ्यांच्या छोट्या शर्यतीसाठी रॅचेटची आपोआप हालचाल थांबवणे मला योग्य वाटते. मात्र त्यानंतर प्रत्येक सत्रानंतर फट हाताने तपासण्याची जबाबदारी आपली होते, आणि ती दोन्ही चाकांवर सारखीच पार पाडावी लागते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी अ‍ॅडजस्टरला हात लावणार नाही. तिथे लायनर खरोखरच झिजतो, आणि तो झिजत असताना पेडल सावरायला कोणीतरी आत असलेले बरे.

स्प्रिंग अधिक कडक घालाव्यात का, असेही अनेक जण विचारतात. थोड्या कडक घातल्या तर शू परत यायला मदत होते, पण त्याची किंमत मोजावी लागते. सिलिंडरच्या टोकाशी ५० न्यूटनचा जादा ताण असेल, तर वर धरलेल्याच १७.५ मिलिमीटरच्या सिलिंडरला मागचा ब्रेक सुरू होण्यापूर्वी सुमारे दोन बार जादा दाब लागतो. कोरड्या पट्ट्यावर जोरात ब्रेक मारताना हे कळणारही नाही. ओल्या पट्ट्यावर हलका ब्रेक लावताना मात्र मागची चाके जवळजवळ कामच करणार नाहीत आणि सगळा भार पुढच्या टायरवर जाईल.

जाता जाता एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शर्यतीच्या आठवड्यात आमची गाडी सरळ पट्ट्यावर मागे पडू लागली. आम्ही दोन दिवस कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसलो, प्लग बदलले, इग्निशनची वेळ पुढेमागे केली. तिसऱ्या दिवशी, शर्यत संपल्यावर, टायर काढणाऱ्या पोराने सहज ड्रमवर हात ठेवला आणि किंचाळून मागे घेतला. डावा ड्रम भाजत होता. उजवा कोमट होता. प्रत्येक सत्रानंतर गाडी पिटमध्ये लावताना मीच सवयीने हँडब्रेक ओढत होतो, आणि तापलेला ड्रम आकसत शूंवर आवळला जात होता. त्या दिवसापासून आमच्या पिटमध्ये हँडब्रेक ओढायला बंदी आहे. चाकाला उटी लावतात. हात भाजून घेण्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेवणे अर्थातच शहाणपणाचे. दोन-तीन फेऱ्या ब्रेक शक्य तितका कमी वापरून चालवाव्यात आणि आत आल्याबरोबर दोन्ही मागच्या ड्रमचे तापमान घ्यावे. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल, तर कोणता ड्रम उघडायचा हे लगेच कळते.

प्रश्न : ड्रम उघडून पाहण्याइतका वेळ किंवा साधने नसतील, तर गाडी खरोखर मोकळी झाली आहे की नाही, हे साध्या रीतीने कसे ओळखावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वाहतुकीसाठी बंद असलेला, सपाट आणि किमान अर्धा किलोमीटर लांबीचा पट्टा मिळाला, तर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ताशी ४० किलोमीटरवरून २० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. एकदा जाताना आणि एकदा येताना मोजून सरासरी घ्यावी, म्हणजे वारा आणि न दिसणारा उतार यांचा हिशेब होतो. चालकासह ९०० किलोच्या गाडीत, टायर आणि हवेचा विरोध नेहमीसारखा धरला, तर ब्रेक मोकळे असताना सुमारे ३८ सेकंद लागतील आणि मागच्या दोन चाकांवर मिळून ४० न्यूटनची ओढ असताना सुमारे २९. इतका मोठा फरक साध्या घड्याळावरही दिसतो. टायरमधील हवेचा दाब दोन्ही वेळा एकच ठेवावा, नाहीतर आपण ब्रेक मोजतो आहोत की टायर, हेच कळणार नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो आणि हौशी स्पर्धकांच्या फॉर्म्युला व्ही वर्गात भाग घेतो. आमच्या गाडीला जुन्या फोक्सवॅगन बीटलचे चारही ड्रम ब्रेक आहेत आणि त्यांना सेल्फ अ‍ॅडजस्टर नाही, दातेरी चाक्या आहेत. अनुभवी मंडळी चाके हाताने फिरवून खूप वेळ फिरत राहतील अशी लावतात; मला ते जमत नाही. काही जण मास्टर सिलिंडरमधील एक व्हॉल्व्हही काढून टाकतात. तो का काढतात?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : १९६३ पासून अमेरिकेत मान्यता असलेल्या या वर्गात सगळ्यांचे इंजिन एकाच, १२०० सीसीच्या जातीचे असते आणि ताकद थोडी असते. त्यामुळे तिथले जुने स्पर्धक ब्रेकच्या ओढीमागे इतके लागतात, याचे आश्चर्य वाटू नये. आपल्या चाक्या मला सेल्फ अ‍ॅडजस्टरपेक्षा जास्त आवडतात, कारण आपण लावलेली फट त्या स्वतःहून बदलत नाहीत. प्रत्येक चाकात दोन चाक्या असतात, प्रत्येक शूला एक. एका वेळी एकच चाकी शू घट्ट टेकेपर्यंत फिरवावी, पेडल जोरात दाबून सोडावे म्हणजे शू सरळ बसतो, चाकी पुन्हा घ्यावी आणि मग घासणे थांबेपर्यंत एकेक दाता मागे घ्यावा. त्यानंतर दुसरी. दोन्ही एकदम फिरवणारा माणूस एका शूची घासट दुसऱ्याच्या नावावर लिहितो आणि गोंधळात पडतो. चाकीच्या स्क्रूची खाच तिरकी असते. ती शूच्या पात्याशी चुकीच्या बाजूने बसवली असेल, तर शू वाकडा टेकतो आणि कितीही दाते मागे घेतले तरी एका कडेला घासत राहतो. आपल्याला जमत नाही असे आपण म्हणता, त्याचे कारण बहुधा इथेच सापडेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपल्या गाडीत मागची चाके इंजिनाच्या बाजूची आहेत. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी मागचे चाक फिरवताना डिफरन्शिअल आणि त्यातील तेल फिरतच असते. थंड सकाळी ते तेल दाट असते. म्हणून मागच्या चाकांची तुलना पुढच्या चाकांशी करू नये. मागच्याची तुलना मागच्याशी, आणि तीही गाडी एकदा फिरवून आणल्यानंतर करावी.

तो व्हॉल्व्ह म्हणजे नळीत थोडासा दाब कायम धरून ठेवणारा उरल्या दाबाचा व्हॉल्व्ह होय. ड्रम ब्रेकसाठी हा दाब साधारण १० पीएसआय असतो. ब्रेक सुटल्यावर व्हील सिलिंडरमधल्या रबर कपांचे ओठ भिंतीला चिकटून राहावेत आणि बाहेरची हवा आत ओढली जाऊ नये, हा त्याचा हेतू. स्प्रिंग ताज्या असतील, तर एवढा दाब शूला ड्रमपर्यंत नेऊ शकत नाही. स्प्रिंग थकल्या असतील, तर तो नेतो आणि चाक जड होते. कपांच्या आत ओठ ताणून धरणारे धातूचे विस्तारक बसवलेले असतील, तर व्हॉल्व्ह काढून चालते, कारण त्याचे काम ते विस्तारक करतात. ते नसतील तर व्हॉल्व्ह काढल्यावर काही दिवसांनी पेडल मऊ पडू लागेल आणि आपण हवा कुठून येते हे शोधत बसाल. म्हणून प्रथम नव्या स्प्रिंग घालाव्यात, आणि त्यानंतरही गरज वाटली तरच व्हॉल्व्हकडे वळावे.

प्रश्न : आम्ही ऑटोक्रॉसमध्ये मातीवर गाडी पळवतो. अरुंद वळणावर हँडब्रेकने गाडी फिरवावी लागते. शू सैल ठेवले की हँडब्रेक पकडत नाही आणि घट्ट ठेवले की गाडी जड होते. यातून मार्ग काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ऑटोक्रॉसमध्ये वेग कमी आणि वळणे जास्त असतात, त्यामुळे ओढीने होणारे नुकसानही सर्किटच्या मानाने थोडे असते, इथे मी हँडब्रेकला झुकते माप देईन. थंड स्थितीत व्यासातील फरक ०.६ ऐवजी ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा, पण केबलमध्ये थोडी ढील कायम ठेवावी, म्हणजे लिव्हर आपल्या टेकणीवर परत बसेल. हँडब्रेक लवकर पकडावा म्हणून केबल आवळण्याची चूक इथेच सर्वांत जास्त होते. पकड शूच्या फटीतून साधावी, केबलच्या ताणातून नव्हे. दोन्ही बाजूंच्या केबल सारख्या ओढल्या जातात का, हे मधल्या जोडपट्टीवरून पाहावे. ती तिरकी होत असेल, तर हँडब्रेक ओढल्यावर एकच चाक अडते आणि गाडी वळण्याऐवजी सरळ घसरते.

पावसाळी मैदानात ड्रममध्ये गेलेला चिखल वाळला, की तो लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखा वागतो. स्पर्धा संपल्यावर बॅक प्लेटच्या तपासणी छिद्रांची रबरी बुचे शाबूत आहेत का ते पाहावे. बुचे नसतील तर दर वेळी ड्रम उघडून धुवावा लागेल, आणि तेवढे कष्ट कोणी दर वेळी घेत नाही.

प्रश्न : शर्यतीच्या गाड्यांप्रमाणे माझ्या रोजच्या गाडीचे मागचे ब्रेक थोडे सैल करून घेतले, तर मायलेज वाढेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ब्रेक धरून राहत असतील तर ते दुरुस्त केल्यावर मायलेज नक्की सुधारेल, आणि त्यासाठी वर सांगितलेली निपलची आणि केबलची तपासणी आपल्याही गाडीला लागू पडते. पण ठीक चाललेले ब्रेक मुद्दाम सैल करू नयेत. शर्यतीच्या गाडीची फट प्रत्येक सत्रानंतर कोणीतरी मोजतो; आपल्या गाडीची पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत कोणी मोजणार नाही. रस्त्यावरच्या गाडीचा सेल्फ अ‍ॅडजस्टर बंद करणे तर सर्वथा टाळावे. घाट उतरताना मागून ट्रक येत असतो, समोर एस.टी. थांबते, आणि तेव्हा पेडल एका दाबात पकडले पाहिजे.